यादीतलं बारावं नाव

प्रति,
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी,
अहिल्यानगर

महोदय,


मी भिंगारचा. शाळांच्या आणि मंडळांच्या कबड्डी सामन्यांना गुणलेखक म्हणून बसतो. गुणलेखकाचं काम तुम्हाला माहीत आहेच. चढाई कोणाची, गुण किती, बोनस मिळाला का, लोण चढला का, एवढं लिहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवणाऱ्याला ऐकू मात्र पुष्कळ येतं. टेबल मैदानाला लागूनच असतं, त्यामुळे प्रशिक्षक कोणाला काय बोलतो आणि कोणाकडे सामनाभर बघतसुद्धा नाही, हे आमच्या नजरेतून सुटत नाही. त्या भांडवलावर हे पत्र लिहितो आहे. हा तक्रारअर्ज नाही, तेव्हा आवक क्रमांक मिळाला नाही तरी चालेल.

विषय आहे आपल्याच मुलाच्या संघाला शिकवणाऱ्या आईबापांचा.

भिंगारात अशी माणसं जरा जास्तच सापडतात, आणि त्याला कारण आहे. एका अंगाला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, दुसऱ्या अंगाला मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र. पलटणीच्या संघातून कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळलेला जवान चाळिशीच्या आसपास पेन्शनवर येतो. नागरदेवळ्याला, दरेवाडीला किंवा आलमगीरला घर बांधतो, एखाद्या बँकेत किंवा कंपनीत सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो. संध्याकाळी हात रिकामे असतात, पहाटे उठायची सवय सुटलेली नसते आणि घरात दहा-बारा वर्षांचं पोरगं असतं. मग तो मोकळी जागा शोधतो. छावणीत मोकळी जागा दिसते भरपूर, पण ती लष्कराची. जी काही उरते तिथले दगड वेचतो, फक्कीने रेषा मारतो आणि आपल्या मुलासोबत गल्लीतली चार पोरं उभी करतो. वर्षभरात चाराची चौदा होतात. मग एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक त्याला बोलावून घेतात, कारण त्यांच्याकडे संघ न्यायला माणूसच नसतो.

माणूस का नसतो, हे तुमच्या कार्यालयाला मी सांगायला नको. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुलं असतील तिथे आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, असं त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. प्रत्यक्षात निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षकाची जागा कित्येक शाळांत रिकामीच राहते, आणि जे कामावर आहेत त्यांना मतदारयादीपासून जनगणनेपर्यंत सगळीकडे पळावं लागतं. त्या रिकाम्या जागेत हा बाप उभा आहे. मानधन नाही, प्रवासभत्ता नाही, कित्येकदा चहासुद्धा स्वतःच्याच खिशातून. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की या माणसांना मैदानाबाहेर काढा असं म्हणायला मी आलेलो नाही. ते गेले तर भिंगारातल्या निम्म्या शाळांचे संघ तुमच्या कार्यालयाच्या कार्यक्रमपत्रिकेवर फक्त ‘गैरहजर’ म्हणून दिसतील.

शिवाय बापाच्या हातून मोठं काम होतं, हे या मातीला नवं नाही. खाशाबा जाधवांना वयाच्या पाचव्या वर्षी कुस्तीची ओळख करून दिली ती वडील दादासाहेबांनी, जे स्वतः पैलवान होते. पुढे कराडच्या टिळक हायस्कुलात शिकताना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजींनी त्या पोराला हातात घेतलं, आणि १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. बापाने सुरुवात केली आणि वेळ येताच मुलगा दुसऱ्याच्या हवाली केला. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, असं मला अनेक बापांकडे बघून वाटतं. आपल्या जिल्ह्याचं बोलायचं तर श्रीगोंदा तालुक्यातल्या भाग्यश्री फंडला कुस्तीचे पहिले धडे घरातच, वडिलांकडून मिळाले. २०२५ साली ती महिला महाराष्ट्र केसरी झाली. गावात मुलींना कुस्ती शिकवायला दुसरं कोण पुढे येणार होतं?

जेमिमा रॉड्रिग्जचं उदाहरण तर ताजं आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने नाबाद १२७ धावा केल्या. ३३९ धावांचं लक्ष्य गाठलं गेलं आणि नंतर ती वडिलांच्या गळ्यात पडून रडली, ते चित्र घरोघरी पाहिलं गेलं. आयव्हन रॉड्रिग्ज तिचे वडील आणि प्रशिक्षक. मला मात्र त्या मिठीपेक्षा कितीतरी वर्षं आधीची हकीकत मोलाची वाटते. आयव्हन तिच्या शाळेत लहान गटाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांनी त्या शाळेत मुलींचा क्रिकेट संघ उभा केला. घरच्या एका मुलीच्या निमित्ताने आणखी दहा जणींच्या हातात बॅट आली. मुंबईतच आझाद मैदानावर नौशाद खान यांनी सर्फराज आणि मुशीर ही आपली दोन मुलं घडवली, पण इक्बाल अब्दुल्लासारखा दुसऱ्याचा मुलगाही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. मुलाला शिकवणारा बाप कसा ओळखावा, असं मला कोणी विचारलं तर मी एकच गोष्ट बघायला सांगेन. त्याच्या हाताखालून दुसऱ्यांची किती पोरं वर आली? ज्याच्या संघातून दरवर्षी फक्त त्याचंच पोरगं पुढे जातं, त्याला प्रशिक्षक म्हणू नये.

आता अडचणीकडे येतो. अडचण शिकवण्यात नाही, निवडण्यात आहे.

कबड्डीचा संघ बारा जणांचा. सात मैदानात, पाच राखीव. माझ्या टेबलासमोर बारा नावांची यादी येते, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असतो. त्यातल्या पहिल्या पाच-सहा नावांवरून कधीच भांडण होत नाही. चांगला चढाईपटू कोण, कोपरा कोण धरतो, हे पोरांना तुमच्या-माझ्याआधी कळतं. पोरं स्वतः संघ पाडायला बसली तरी तीच नावं निघतील. सगळी काळीकुट्ट राजकारणं अकराव्या आणि बाराव्या नावावर होतात. तिथे उभी असलेली तीन-चार मुलं साधारण सारखीच असतात. एखाद्याची पकड बरी, एखाद्याचा दम जरा मोठा, एखादा वजनाच्या काट्यावर कसाबसा बसतो. कोणाचंही नाव लिहिलं तरी ते चूक ठरत नाही. आणि जिथे कोणतंही उत्तर चूक नसतं तिथे आपलं उत्तर लिहायला माणसाला लाज वाटत नाही. बापाने स्वतःच्या मुलाचं नाव बारावं लिहिलं, तर तो लबाडी करतो आहे असं त्यालाही वाटत नसतं. त्याला मनापासून वाटतं की पोरगं लायक आहे. त्याने ते रोज पहाटे पाहिलेलं असतं. दुसऱ्याच्या पोराची पहाट त्याने कुठे पाहिली?

बाराव्या नावाची किंमत काय, हे तुमच्या कार्यालयाइतकं कोणाला ठाऊक असणार? तालुका जिंकला की जिल्हा, जिल्हा जिंकला की पुणे विभाग, तिथून राज्य. संघ पुढे गेला की बारावा खेळाडूही पुढे जातो. तो सामनाभर पाण्याच्या बाटल्या भरत बसला असला तरी प्रमाणपत्रावर तसं लिहिलेलं नसतं. त्याच कागदावर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळू शकतात. पुढे राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्या वाटेची पहिली पायरी ही यादीच असते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं या राज्याने पाहिली, त्यानंतर पडताळणी कडक झाली, हे चांगलंच झालं. पण पडताळणीत बघतात काय? कागद खरा आहे का, स्पर्धा झाली होती का, मुलगा त्या संघात होता का. तो संघात कसा आला, हे कोणी विचारत नाही. पडताळणीत पास झालेला खरा कागदही एखाद्या पोराच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला दिलेला असू शकतो.

हे आजचं आहे असंही नाही. आपण उत्तम प्रशिक्षकाला ज्यांच्या नावाचा पुरस्कार देतो, त्या द्रोणाचार्यांची आदिपर्वातली गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ते सगळ्या शिष्यांना पाणी आणायला पाठवत. बाकीच्यांच्या हातात अरुंद तोंडाचा कमंडलू, अश्वत्थाम्याच्या हातात रुंद तोंडाचं भांडं. त्याचं भांडं झटकन भरे, तो आधी परत येई आणि बाकीचे येईपर्यंत बाप लेकाला दोन विद्या जास्तीच्या शिकवून टाकी. अर्जुनाच्या ते लक्षात आलं. त्याने वारुणास्त्राने कमंडलू भरायला सुरुवात केली आणि तोही अश्वत्थाम्याबरोबरच परत येऊ लागला. एकलव्याचा अंगठा सगळ्यांना पाठ आहे, या भांड्याची मात्र कोणी आठवण काढत नाही. अंगठा मागणं उघड होतं. भांड्याचं तोंड थोडं रुंद करणं कोणाला दिसत नाही, आणि घरगुती पक्षपात नेहमी असाच चालतो. शिवाय प्रत्येक आळीत वारुणास्त्र जाणणारा अर्जुन नसतो.

द्रोणाचार्य पुरस्कार २०१६ साली महावीर फोगाट यांना मिळाला तो आपल्याच मुलींना आणि पुतण्यांना कुस्ती शिकवून. म्हणजे बापाने शिकवण्याला देशाने मान दिलेला आहे. पण कुस्तीत आणि कबड्डीत एक फरक आहे. कुस्तीत आखाड्यात उतरल्यावर बाप मुलीला गुण देऊ शकत नाही. पाठ टेकली की टेकली. सांघिक खेळात मात्र मैदानात उतरायच्या आधीच अर्धा निकाल कागदावर लागलेला असतो.

एवढ्या वरच्या पातळीवर जाऊ नये, पण क्रिकेटचं एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. रॉजर बिन्नी २०१२ पासून राष्ट्रीय निवड समितीवर होते. मुलगा स्टुअर्टच्या नावावर चर्चा निघाली की ते बैठकीतून उठून बाहेर जात, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापलं. स्टुअर्ट भारताकडून खेळला. जून २०१४ मध्ये मीरपूरला बांगलादेशाविरुद्ध त्याने ४ धावांत ६ बळी घेतले, एकदिवसीय सामन्यांतली तोवरची भारतीय गोलंदाजाची सर्वोत्तम कामगिरी. तरीही गल्लीतल्या कट्ट्यावर त्याच्या बापाचंच नाव निघे. शेवटी २०१५ साली हितसंबंधांच्या मुद्द्यावरून बिन्नींना समितीतून जावं लागलं. पुढे न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींतून क्रिकेट मंडळाच्या घटनेत हितसंबंधांचं सविस्तर कलमच आलं. यात मला दोन गोष्टी दिसतात. खोलीबाहेर जाण्याची रीत बरोबरच होती. आणि त्या रीतीला लेखी नियमाचा आधार नव्हता म्हणून मुलाच्या सहा बळींवरही डाग राहिला. पक्षपात झाला तर दुसऱ्याच्या मुलाचं नुकसान होतं. पक्षपात झाला नाही पण नियमही नाही, तर नुकसान प्रशिक्षकाच्या स्वतःच्या मुलाचं होतं. एवढ्या मोठ्या मंडळाला जे कळायला इतकी वर्षं लागली ते चौदा वर्षांखालच्या तालुका संघासाठी लिहायचं कोणाला सुचणार?

त्या प्रशिक्षकाच्या मुलाबद्दलही दोन शब्द लिहू द्या, कारण टेबलावरून मला तोच जास्त दिसतो. टाइम आऊट असतो तीस सेकंदांचा. तेवढ्यात शिकवणारा बाप काय करतो? सहा जणांना डाव सांगतो आणि सातव्याला, म्हणजे स्वतःच्याला, झापतो. चूक तिसऱ्याची असली तरी बोलणं याला. “घरी चल, मग बघतो,” हे वाक्य मी कबड्डीच्या नियमपुस्तकातल्या कोणत्याही नियमापेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. दुसऱ्या पोराला हरण्याचं दुःख शिट्टी वाजली की निम्मं होतं. याला ते मोटारसायकलवर बापाच्या मागे बसून घरापर्यंत न्यावं लागतं, रात्री जेवताना पुन्हा ऐकावं लागतं. अमेरिकेत मॉरीन वाइस आणि सुझन फ्रेटवेल या दोन संशोधकांनी २००५ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारा वर्षांखालच्या मुलांचे फुटबॉल संघ, प्रशिक्षक वडील, त्यांची मुलं आणि संघातले सोबती, अशा सगळ्यांशी त्या वेगवेगळ्या बोलल्या. मुलांनी चांगलंही सांगितलं: वडिलांचा सहवास मिळतो, खेळ बारकाईने कळतो, कौतुक होतं. आणि वाईटही: दडपण, बाकीच्यांपेक्षा जास्त टीका, समजून न घेणं. तिकडे घराघरातले बाप हौसेने संघ सांभाळतात, तिथलं हे चित्र. टाइम आऊट भिंगारात असो की परदेशात, सातव्या पोराचं नशीब सारखंच दिसतं.

उलट टोकाचाही बाप असतो. आमच्याकडचे एक गृहस्थ आहेत, नाव कशाला घेऊ. पोरं त्यांना जीव लावतात. मुलगा त्यांचा उत्तम कोपरारक्षक. पण एका वर्षी पालकांची कुजबुज कानावर आली आणि गृहस्थांनी त्याला अंतिम सामन्यात राखीव बसवला. संघ दमला, पकडी सुटायला लागल्या, समोरच्याने लोण चढवला, तरी ते त्याच्याकडे बघायला तयार नाहीत. प्रामाणिकपणा सिद्ध झाला, सामना गेला, आणि पोरगं टॉवेल डोक्यावर घेऊन बसून राहिलं. लोकांनी वाहवा केली. मला ती करावीशी वाटली नाही. बारा जणांमध्ये एकाच मुलाला दोन परीक्षा द्याव्या लागल्या, खेळाची आणि बापाच्या अब्रूची. दुसरी परीक्षा त्याने का द्यावी?

बाकीच्या पालकांनाही यातून सूट नको. ‘सरांचा पोरगा आहे म्हणून’ हे वाक्य ज्यांच्या जिभेवर असतं ते पहाटे फक्की मारायला कधी दिसत नाहीत. पोरगं संघात आलं की सर देवमाणूस, राहिलं की सर लबाड. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन दिवस धुरळा आणि चौथ्या दिवशी पोराला कबड्डीतून काढून कराटेच्या क्लासला. २ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्याच नगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली, हे तुम्ही विसरला नसाल. निकालावर विश्वास नसला की नावाजलेले पैलवानही तोल घालवतात. तिथे निदान कॅमेरे होते, निकाल पुन्हा पाहता येत होता. बाराव्या नावाचं चित्रीकरण कोण करतं?

आणि ज्याला बापच नाही त्याचं काय? अस्लम इनामदार आपल्या जिल्ह्याचा. लहानपणीच वडील गेले, घर आईने चालवलं. तोच अस्लम ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कर्णधार होता. त्याच्या यादीत त्याचं नाव कोणीतरी खेळ बघून लिहिलं. आज एखाद्या शाळेची यादी बापांनी बापांसाठी लिहायची ठरवली, तर अशा पोराच्या बाजूने त्या खोलीत बोलायला कोण असेल?

तेव्हा मागणं काय ते सांगतो. फार नाही. बापाला शिकवू द्या, निवडू देऊ नका. तुमच्या कार्यालयाकडे शाळा जी प्रवेशिका पाठवतात तिच्यात एक ओळ वाढवा: संघाची निवड करणाऱ्यांपैकी कोणाचं मूल किंवा जवळचं नातलग या बारांत आहे का? असेल तर त्या व्यक्तीची सही यादीवर चालणार नाही, दुसऱ्या दोघांची लागेल. ते दोघे कोण, हे अवघड नाही. शेजारच्या शाळेचे क्रीडाशिक्षक, जुना राज्य खेळाडू, निवृत्त पंच, भिंगारात असे लोक कट्ट्याकट्ट्यावर बसलेले आहेत. मुलींच्या संघाला त्यातली एक बाई असू द्या. आता मुलींच्या संघासोबत बऱ्याचदा एखादी आई ‘मॅनेजर’ म्हणून पाठवतात, ती डबे आणि पोरींची पाळी सांभाळते आणि निवडीच्या वेळी मात्र तिला बाहेर उभं करतात. ती कधीकाळी स्वतः खो-खो खेळलेली असते, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

निवड चाचणीची तारीख आधी फलकावर लागू द्या, आणि बारा नावांची यादी प्रवेशिका पाठवण्याच्या आधी चार दिवस त्याच फलकावर राहू द्या. कुजबुजीला उघड फलकाइतकं दुसरं औषध नाही. प्रशिक्षकाचं मूल संघात आलं तरी हरकत नाही. उलट तेव्हा ते ताठ मानेने येईल, सहा बळी घेऊनही बापाचं नाव ऐकावं लागणार नाही.

आणखी एक, निवडीशी थेट संबंध नसलेलं. ही हौशी माणसं मातीवर सराव घेतात आणि स्पर्धा मॅटवर होतात. गुडघा फिरला, घोटा मुरगळला तर ‘चोळ आणि उतर’ हा त्यांचा फौजी उपचार. पावसाळ्यात हंगाम सुरू व्हायच्या आत वाडिया पार्कवर दोन दिवसांचं शिबिर घ्या: प्रथमोपचार, वाढत्या वयाच्या पोरांचं वजन आणि उपासमार, मुलामुलींशी वागण्याबोलण्याची हद्द, पॉक्सो कायदा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका प्रत्येकाला जमणार नाही, पण दोन दिवस कोणालाही जमतील. हजेरी लावणाऱ्याला तुमच्या सहीचं ओळखपत्र द्या. फुकट राबणाऱ्या माणसाला तेवढा मान पुष्कळ होतो, आणि ज्याच्याकडे ओळखपत्र नाही त्याच्या हाती मुलं द्यायची की नाही हे मुख्याध्यापकांनाही ठरवता येईल.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक शाळेच्या निवड चाचणीला माणसं कुठून आणू? कार्यालयात मोजके क्रीडा अधिकारी, जिल्हा राज्यात आकाराने सर्वांत मोठा, इकडे अकोले आणि तिकडे जामखेड. मान्य आहे. म्हणून भिंगारपुरता एक प्रस्ताव देतो. सामन्याला जसा गुणलेखक असतो तसा निवड चाचणीलाही बसवा. कोणी किती चढाया केल्या, किती यशस्वी झाल्या, किती पकडी, कितीदा स्वतःहून बाद. सगळं कागदावर, यादीसोबत जोडलेलं. अकरावं-बारावं नाव ठरवताना तो कागद समोर असला की बापालाही सोपं जाईल आणि निवडणाऱ्यांनाही. खेळातलं सगळं आकड्यात मावत नाही, हे मला ठाऊक आहे. संघात हिंमत धरून ठेवणारं पोरगं कागदावर कधीकधी दिसतच नाही. पण कागदाच्या विरोधात जाऊन नाव घ्यायचं असेल तर कारण दोन ओळींत लिहावं लागेल, आणि ते फलकावर लागेल.

कबड्डीमहर्षी शंकरराव साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार घालून फोटो काढण्यापेक्षा यंदा त्या दिवशी या नियमाचं परिपत्रक शाळांना पाठवा. भिंगार आणि परिसरातल्या कोणत्याही शाळेने निवड चाचणी ठेवली आणि आदल्या दिवशी निरोप दिला तर गुणपत्रक घेऊन आम्ही येऊ. मानधन नको. टेबल, खुर्ची आणि सावली शाळेने द्यावी.

आपला,
भिंगारचा एक गुणलेखक